टोपीची माया

तीस वर्षे शाळेत मराठी शिकविताना शिवणकामाशी मी जो काही संबंध राखला होता तो सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीपुरता, आणि तोही सौभाग्यवती माहेरी गेलेल्या असतील तेवढ्या मुदतीपुरता. म्हणून २००६ सालच्या डिसेंबरात, म्हणजे ज्या दिवसांत नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वाऱ्याने जरा दिशा बदलली की सबंध गाव एका ठेक्यात शिंकू लागते त्या दिवसांत, स्नेहसंमेलनाच्या समितीने ‘सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या टोप्या, नग तीन’ ही बाब माझ्या नावावर चढविली तेव्हा मसुदा लिहिणाऱ्याला ऐन वेळी शिंक आली असावी आणि लेखणी घसरून भलत्याच नावावर गेली असावी, अशीच माझी प्रामाणिक समजूत झाली.

लेखणी घसरलेली नव्हती. दरसाल आमच्या संमेलनात शिवाजीमहाराजांचा एक प्रवेश, एक लेझीम, एक आदिवासी नृत्य आणि हुंड्याच्या विरोधात एक मूकनाट्य असा ठरीव सरंजाम असे व त्याला लागणारे जिरेटोप, शेले, दाढ्या इत्यादी सामान परगावच्या एका भाड्याच्या कपडेवाल्याकडून पेटाऱ्यातून येत असे. त्या साली इंग्रजीच्या सरांनी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला न्यायालयाचा प्रवेश मराठीत करण्याची दरखास्त मांडली, ती मंजूर झाली, आणि पेटाऱ्याच्या यादीत ‘विलायती टोप्या, नग चार’ असे वाढवून कळविण्यात आले. पेटारा आला. त्यातल्या चार विलायती टोप्यांपैकी दोन गुराख्यांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ज्या गुराख्यांच्या कमरेला पिस्तूल असते त्यांच्या होत्या. तिसरी खलाशाची होती. आणि चौथी, लाल मखमलीची व पांढऱ्या लोकरी काठाची, ही नाताळबाबाची होती. मुख्याध्यापकांनी ती चौथी हातात घेऊन, मखमल तर आहेच, गोंडा तेवढा कापून टाकला तर व्हेनिसच्या ड्यूकला चालणार नाही का, असा प्रश्न काढला. त्यावर इंग्रजीच्या सरांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते पाहून, भर न्यायालयात एक पौंड मांस कोणाचे निघणार याविषयी माझ्या मनात थोडी शंका उत्पन्न झाली.

अशा वेळी जुन्या मंडळींच्या शहाणपणाची आठवण येते. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेट मराठीत आणला तेव्हा त्याचे ‘विकारविलसित’ केले आणि राजपुत्राला चंद्रसेन हे नाव देऊन मोकळे झाले. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ऑथेल्लोला ‘झुंझारराव’ केले. आपण त्याला भाषांतराचा स्वैरपणा म्हणतो. पण त्यात टोपीच्या खर्चाचा केवढा दूरदर्शी विचार होता हे कळायला मनुष्याच्या गळ्यात तीन टोप्या पडाव्या लागतात. झुंझाररावाला मंदील बांधला की काम झाले, आणि मंदील बांधणारा मनुष्य त्या काळी दर गल्लीत होता. व्हेनिसचा ड्यूक व्हेनिसचाच ठेवायचा, हा प्रामाणिकपणा पुढल्या पिढ्यांना सुचला, आणि त्याची किंमत पुढल्या पिढ्यांच्या मराठीच्या शिक्षकांनी दिली.

मी तक्रार केली नाही असे नाही. मी म्हणालो, टोपीचे खाते मराठीच्या शिक्षकाकडे कोणत्या न्यायाने येते? मुख्याध्यापक म्हणाले, टोपी घालणे, टोपी उडविणे, ह्याची टोपी त्याला घालणे हे वाक्प्रचार तुम्हीच दरसाल शिकविता. तेव्हा तुमच्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाला? ह्यावर उत्तर नव्हते. पण त्या निमित्ताने माझ्या ध्यानात आले की मराठी भाषेने टोपीवर फारच अन्याय केला आहे: पगडीला मान, फेट्याला शान, पागोट्याला पिढीजात अब्रू, आणि टोपीच्या वाट्याला मात्र जेवढी म्हणून लबाडी आहे तेवढी. (पगडीही अगदी निष्पाप नाही, मुंबईत खोली घेताना तो शब्द ऐकू आला की भल्याभल्यांची उतरते.) याचे कारण मी मुख्याध्यापकांना विचारले असता इतिहासाच्या सरांनी, कोणी विचारलेले नसताना, आज्ञापत्राचा दाखला दिला. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी राज्यकारभाराचे जे नियम लिहिले त्यांत पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच ह्या सगळ्या सावकारांची मोजणी ‘टोपीकर’ ह्या एकाच सदराखाली केली आहे आणि समुद्रकाठी वखारीस ह्यांना जागा देऊ नये अशी ताकीद लिहून ठेवली आहे. टोपी म्हणजे दगा, हे समीकरण त्या टोपीकरांनी पुढे दीडशे वर्षे झटून खरे करून दाखविले.

मी शेवटचा मुद्दा काढला. व्हेनिस कोठे, नंदुरबार कोठे! ज्या गावाने ही टोपी कधी पाहिलीच नाही त्या गावात ती शिवायची कशी? येथेही इतिहासाचे सर आडवे आले. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जात असे आणि १६१० साली विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी त्या मार्गाने जाताना येथील थडगी, विलासगृहे, गढी आणि एक सुरेख तळे यांची टिपणे करून गेला. पाठोपाठ १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी ह्याच वाटेने गेला. आणि हा गृहस्थ असा हट्टी की हिंदुस्थानच्या उन्हातही त्याने आपला विलायती पोशाख सोडला नाही. “म्हणजे,” सर म्हणाले, “शेक्सपिअर जिवंत असताना त्याच्या काळच्या टोप्या ह्या गावातून वरात निघावी तशा निघून गेल्या आहेत. नंदुरबारने टोपी पाहिली आहे. तुम्ही पाहिली नाही, एवढेच.” गावाची इतकी थोर परंपरा माझ्या डोक्यावर, शब्दशः, येऊन बसल्यावर मी तसलमातीच्या पावतीवर सही केली.

आता टोपी म्हणजे काय, हे प्रथम पाहणे प्राप्त होते. त्या काळच्या युरोपात टोप्यांचे प्रकार पुष्कळ. पण आमच्या ऐपतीला आणि अकलेला झेपणारा म्हणजे चपट्या मखमली टोपीचा, ज्याचे वंशज आजही काही विद्यापीठांच्या पदवीदान समारंभात डॉक्टरांच्या डोक्यावर दिसतात. तिचे अवयव तीन. वर एक मोठी वाटोळी चकती, ती चुण्या घालून डोक्याच्या घेराइतकी लहान करायची. मधे डोक्याभोवती बसणारी पट्टी. आणि खाली, परातीच्या काठासारखी, ताठ कड. हे कागदावर वाचताना इतके सोपे वाटते की युरोपात त्या शतकात दुसरे काही का झाले, सगळे टोप्याच का शिवीत बसले नाहीत, असा प्रश्न पडावा.

इंग्लंडात तर जवळजवळ तेच झाले होते, हे मला त्याच वाचनात कळले. १५७१ साली तेथल्या पार्लमेंटने कायदा केला की सहा वर्षांवरील प्रत्येक सामान्य मनुष्याने रविवारी व सणावारी लोकरीची, इंग्लंडात विणलेली टोपी घातलीच पाहिजे. न घातल्यास दर दिवसामागे तीन शिलिंग चार पेन्स दंड. सरदार-दरकदारांना माफी होती. टोपी विणणाऱ्यांचा धंदा बसू नये म्हणून सबंध देशाच्या डोक्याला वेठीस धरण्याचा हा प्रयोग १५९७ साली रद्द झाला. तोवर किती डोक्यांनी दंड भरला असेल, कोण जाणे. मी हा मजकूर घरी मोठ्या आवाजात वाचून दाखविला. सौभाग्यवती विणीत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “मग विणूनच द्या की. दोन सुया आणि दोन गुंड्या लोकर. मी देते चार दिवसांत.” ड्यूकला लोकर चालत नाही, मखमल लागते, असे मी त्यांना जरा वरच्या सुरात समजावून सांगितले. त्या सुराची आठवण त्यांनी मला पुढे बरीच वर्षे दिली.

ड्यूकचे काम करणारा मुलगा नववीतला होता, अक्कलकुवा तालुक्यातला, काठी गावाच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. वसतिगृहात राहून शिकत होता, आणि आवाज असा खणखणीत की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी व्हेनिसचा कारभार अडू नये. त्याच्या डोक्याचा घेर मी फूटपट्टी व सुतळी यांच्या साहाय्याने मोजला. तो नेमका बावीस इंच भरला, आणि माझ्यातला सुप्त गणिती जागा झाला. कारण बावीस भागिले बावीस सप्तमांश म्हणजे सात. व्यास सात इंच! ज्या अपूर्णांकाने माझे बालपण नासविले तो चाळीस वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या डोक्यावर इतका बिनबाकी बसलेला पाहून मला गहिवरून आले. पुढे वाचनात आले की अमेरिकेतले टोपीवाले बावीस इंचांच्या डोक्याला ‘सात नंबर’ म्हणतात, तो हाच हिशेब. वरची चकती दुप्पट, चौदा इंच व्यासाची धरली तर तिचा घेर चव्वेचाळीस. एकेक इंच खाणाऱ्या बावीस चुण्या घातल्या की उरले बावीस. मी हा सगळा खर्डा सुवाच्य अक्षरात लिहून, आकृतीसह, बाजारपेठेतल्या एका शिंप्याकडे गेलो.

आमच्याकडे शिंप्याला ‘मास्तर’ म्हणतात आणि मलाही ‘मास्तर’ म्हणतात. त्यामुळे आमचे संभाषण तिसऱ्या मनुष्याला एकाच इसमाच्या आत्मसंवादासारखे वाटावे. मास्तरांनी माझा खर्डा उलटसुलट करून पाहिला.

“हाई काय शे, मास्तर?”

“टोपी आहे, मास्तर.”

“टोपी शे का टोपलं?” त्यांनी कडेच्या आकृतीवर बोट ठेवले. मी त्यांना व्हेनिस, शेक्सपिअर, बावीस सप्तमांश ही सर्व हकीकत सांगितली. ती शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, “ते समदं ठीक शे. माप लयनात, पन डोकं कोठे शे?”

डोके वसतिगृहात आहे, असे मी सांगितले. त्यावर मास्तर, लग्नसराईचे ब्लाउज अंगावर आलेले असल्यामुळे, कापड कापून आणा, मशीन मी मारून देतो, अशी तडजोड करून मोकळे झाले. डोक्याशिवाय टोपी बेतणाऱ्या मनुष्याविषयी त्यांनी त्या क्षणी काय मत बनविले ते त्यांनी बोलून दाखविले नाही. पण चष्म्यावरून पाहिले.

मखमल ही वस्तू मनुष्याने आयुष्यात एकदा तरी कापून पाहावी. तिला लव असते, आणि ती लव एका दिशेने निजलेली असते. एक तुकडा उभा व दुसरा आडवा कापला तर एकाच थानातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसू लागतात, जणू एक सावत्र आहे. इस्त्री फिरविली तर लव मरते. घडी घातली तर घडीचा डाग आजन्म राहतो. ती अंगावर पडलेली धूळ सोडीत नाही, आणि नंदुरबारात डिसेंबर महिन्यात धूळ म्हणजे निव्वळ धूळ नसते. माझी काळी मखमल एक दुपार ओट्यावर पसरलेली होती. वारा पथाऱ्यांकडून येत होता. संध्याकाळी ती झटकली तेव्हा शेजारच्या दोन घरांतली माणसे डोळे पुशीत बाहेर आली आणि आमच्याकडे कोणी गेले की काय, अशी चौकशी करू लागली.

मी चकती कापली, पट्टी कापली, कड कापली. कडेची बाहेरची रेघ अकरा इंचांची आणि आतले भोक बरोबर सात इंच व्यासाचे, गणिताप्रमाणे, एक सूतही इकडेतिकडे नाही. मास्तरांनी मशीन मारले. पट्टी कडेला जोडण्यासाठी भोकाच्या काठाने अर्धा इंच आत टाका घातला, आणि टोपी तयार झाली ती ड्यूकच्या डोक्यावर ठेवताच कड सरळ त्याच्या नाकापर्यंत उतरली व खांद्यावर टेकू लागली. वरची पट्टी बावीस इंच, खालचे भोक पंचवीस! मी पुन्हा खर्डा काढला. बावीस भागिले बावीस सप्तमांश. सात. कोठेही चूक नाही. मास्तरांनी टोपी हातात घेतली, उलटी केली, अंगठ्याने टाका चाचपला आणि मान हलविली.

“तुम्हीन माया सोडीच नही, मास्तर.”

शिवणकामात टाक्याच्या बाहेर जे कापड जादा राखायचे त्याला माया म्हणतात. भोक सात इंचांचे हवे तर ते सहा इंचांचेच कापायचे, म्हणजे अर्धा-अर्धा इंच टाक्यात गेला की सात होते. आणि मी गणिताच्या नादात टोपीला मायाच ठेवली नव्हती. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. ज्ञानोबांपासून गाडगेबाबांपर्यंत ज्या ज्या सत्पुरुषांनी ह्या महाराष्ट्राला उपदेश केला त्या सगळ्यांनी ‘माया सोडा’ म्हणून सांगितले. आमचे शिंपीमास्तरही तेच सांगतात, ‘माया सोडा’. आणि अर्थ मात्र एकमेकांच्या नेमका उलट! संतांची माया सोडली म्हणजे ती हातची जाते, शिंप्याची माया सोडली म्हणजे ती हाती राहते. नामदेव स्वतः शिंपी. त्यांच्या घरात हा शब्द सकाळी दुकानात एका अर्थाने आणि संध्याकाळी कीर्तनात दुसऱ्या अर्थाने उच्चारला जात असेल काय, आणि एखाद्या दिवशी घोटाळा होऊन एखाद्या गिऱ्हाइकाचा सदरा तंग झाला असेल काय, ह्या विषयावर मराठीच्या कोणा विद्वानाने अद्याप प्रबंध लिहिलेला नाही. मी तो लिहायला घेतला होता. पण दुसरी टोपी शिवायची होती.

दुसरी टोपी मी माया राखून कापली. बाजारात बकरम मिळेना, म्हणून कडेत ताठपणासाठी जुन्या हजेरीपटाचे पुठ्ठे गव्हाच्या खळीने एकावर एक चिकटवून घातले. ह्या काटकसरीचे मला तेव्हा कौतुक वाटले. उरले पीस. व्हेनिसच्या टोपीला शहामृगाचे पीस हवे. आम्ही आधी मोराचे लावून पाहिले. पण ते लावताच ड्यूक न्यायनिवाडा टाकून आता बासरी काढतो की काय असे दिसू लागले, आणि तालमीला जमलेल्या मुलींपैकी एकीने चक्क हात जोडले. मग कोंबड्याच्या शेपटीची पिसे आणवायचे ठरले. आमचा एक शिपाई नवापूरचा, त्याला सांगितले. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता, देशातला पहिला. सबंध तालुक्यातल्या कोंबड्यांचा निकाल लागला होता आणि नवापूर हे नाव सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर चढले होते. दहा महिने लोटले, साथ कधीच आटोपली. तरी शिपाई पिशवी घेऊन आला तेव्हा शिक्षकांची खोली तीन मिनिटांत रिकामी झाली. मुख्याध्यापकांनी दाराबाहेर उभे राहून पिसांचा पंचनामा करविला आणि ती बिनतक्रार परत पाठविली. शेवटी क्रीडाशिक्षकांनी वाट दाखविली: बॅडमिंटनच्या एका फुलात सोळा पिसे असतात आणि आमच्या भांडारात फाटकी फुले ढीगभर होती. तीन फुलांतली अठ्ठेचाळीस पिसे शाईत बुडवून त्यांचा एक तुरा बांधला. लांबून तो शहामृगाचा दिसे. जवळून तो काय दिसे हे विचारण्याइतके जवळ मी कोणाला येऊ दिले नाही.

संमेलनाला तीन दिवस उरले असताना इतिहासाचे सर एक जाडजूड चित्रांचे पुस्तक काखेत मारून आले. त्यांनी पान उघडले. जोव्हान्नी बेल्लिनी नावाच्या चित्रकाराने १५०१ च्या सुमारास काढलेले लिओनार्दो लोरेदानचे चित्र. हे लोरेदान म्हणजे व्हेनिसचे खरोखरीचे ड्यूक. चेहरा करारी, अंगावर जरीचा झगा, आणि डोक्यावर जी टोपी होती ती चपटी नव्हती, मखमली नव्हती, तिला कड नव्हती, तुरा नव्हता. ती जरीची, ताठ, आणि मागच्या बाजूला शिंग निघावे तशी टोकदार उंच झालेली होती. व्हेनिसच्या ड्यूकची ती शतकानुशतके ठरलेली टोपी. दुसरी त्याने घालायचीच नाही.

मी ते चित्र बराच वेळ पाहत राहिलो. मग मला त्यात एक ओळखीची खूण दिसली. आपल्या शिंदेशाही पगडीला पुढे चोच असते, ह्या महाशयांना ती मागे होती. तेव्हा पेटाऱ्यातली शिंदेशाही पगडी उलटी घातली तर काम भागेल, असे मी सुचविले. इतिहासाच्या सरांनी पुस्तक मिटले. महादजी शिंद्यांची पगडी उलटी घातलेली पाहण्याचा प्रसंग आला तर आपण राजीनामा देऊ, असे ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापत होता. हे प्रकरण मुख्याध्यापकांपुढे रुजू झाले. दोन्ही पक्षांच्या कैफियती ऐकून त्यांनी निकाल दिला की ज्या शेक्सपिअरने हे नाटक लिहिले तो व्हेनिसला गेल्याचा काही पुरावा आहे काय? नाही. लिहिणाऱ्याला जर व्हेनिस पाहण्याची गरज भासली नाही, तर टोपी शिवणाऱ्याला ती भासावी हा अतिरेक आहे. त्या निकालाइतका न्याय पुढे तीन दिवसांनी रंगमंचावरही झाला नाही.

नाटकातला ज्यू सावकार शायलॉक याच्या टोपीबद्दल मात्र इतिहासाचे सर ऐकेनात, आणि मीही वाद घातला नाही. व्हेनिसने १५१६ साली आपल्या ज्यूंना एका वेगळ्या वस्तीत नेऊन ठेवले, रात्री तिचे दरवाजे बंद होत, आणि बाहेर पडताना ओळख पटावी म्हणून त्यांच्या डोक्यावर पिवळ्या, पुढे लाल, टोपीची सक्ती होती. इंग्लंडातली सक्ती धंद्यासाठी, ही सक्ती बोट दाखविता यावे म्हणून. मी पिवळे कापड आणले, माप नीट घेतले, ह्या वेळी डोके बरोबर घेऊन दुकानात गेलो, आणि टाका घालताना कोणी काही बोलले नाही. तिन्ही टोप्यांत तीच एक पहिल्या झटक्यात बरोबर बसली. मास्तरांनीसुद्धा तिला नावे ठेवली नाहीत.

रंगीत तालीम उघड्या मंडपात, रात्री झाली. डिसेंबरातले दव आणि गव्हाची खळ यांचे जन्मजात वैर आहे हे मला कोणीच सांगितले नव्हते. पहिला अर्धा तास ड्यूक रुबाबात बसला. मग कडेच्या एका बाजूने मान टाकली. मग दुसऱ्या बाजूने. आणि ‘त्या तरुण कायदेपंडितास पाचारण करा’ असे म्हणण्याच्या सुमारास व्हेनिसचे सर्वोच्च न्यायासन ओल्या पापडाखाली झाकले गेले व आतून नुसता आवाज येऊ लागला. मी कपाळावर हात मारला. ड्यूकने टोपी काढली, हजेरीपटाचा लगदा बोटाने चाचपला, आणि जराही आश्चर्य न दाखविता म्हणाला, “सर, हिच्यात कामटी पाहिजे.”

तो मंडपामागे गेला. तेथे मांडववाल्यांनी टाकलेले बांबूचे तुकडे पडले होते. त्याने एक उचलला, कोणाचा तरी चाकू मागून घेतला, बांबू चिरला, चिरलेला पुन्हा चिरला, सालीकडची पातळ पट्टी तेवढी ठेवली, ती गुडघ्यावर घासून गोल वाकविली, टोके सुताने बांधली आणि उसवलेल्या कडेतून आत सरकविली. माझ्या अठरा दिवसांपुढे त्याची पंधरा मिनिटे. कड अशी ताठ झाली की तिच्यावर चहाचे पेले ठेवावेत. मी त्याला विचारले, हे तू कोठे शिकलास? तो हसला. “सर, आमच्याकडे होळीला टोप्या बनवतात. ह्याच्यापेक्षा मोठ्या. तुम्ही या बघायला.”

प्रयोग ठीक झाला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी ड्यूककडे बोट दाखवून “हाऊ कोन देव शे?” असे मोठ्याने विचारले, एवढे सोडता टोपीविषयी कोणी काही विचारले नाही. टोपी शिवणाऱ्याला याहून मोठी पोचपावती मिळत नसते, असे मी स्वतःला समजाविले. सौभाग्यवतींनी ते समजावून घेतले नाही.

मार्चमध्ये मी खरोखरच काठीला गेलो. तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट, मोलगी, असा रात्रीचा जीपचा प्रवास. घाट चढलो तशी हवा पातळ होत गेली आणि थंडी अंगाला झोंबू लागली. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. आम्ही पोहोचलो तेव्हा ढोल चालू होते, पावऱ्या वाजत होत्या, आणि सातपुड्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतच होती. त्या गर्दीतून बावा आणि बुध्ये ही होळीची सोंगे नाचत फिरत होती: अंगभर राखेचे पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, आणि डोक्यांवर टोप्या. त्या टोप्यांचे वर्णन मी कसे करू? बांबूच्या कामट्यांचा उंच उभा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, आरशांचे तुकडे आणि मोरपिसांचा डोलणारा मनोरा. हातभर उंच टोपी घालून नाचणारा मनुष्य उडी मारी आणि टोपी हलत नसे. माझा ड्यूक नुसता बसला होता तरी माझी टोपी उतरली होती. इंग्लंडच्या जेम्स राजाला टोपीसकट जहांगीरच्या चित्रात बसविणाऱ्या बिचित्र नावाच्या चित्रकाराने ही टोपी पाहिली असती तर राजाला आणखी कोपऱ्यात सरकविले असते.

त्यातल्या एका बुध्याने मला हाक मारली. राखेखालून आमचा ड्यूक हसत होता.

मी जातीचा शिक्षक, भर होळीत विचारले, “घेर कसा मोजता रे?”

“मोजत नाही सर. ज्याची त्याच्या डोक्यावरच बांधतात.”

माझ्या डोळ्यांपुढे बाजारपेठेतले मास्तर चष्म्यावरून पाहत उभे राहिले. मी थोडा वेळ गप्प राहिलो, आणि मग मनात होते ते बोलून टाकले: जरा देतोस का, मला घालून पाहायची आहे. ड्यूक एकदम गंभीर झाला. कोर्टातसुद्धा तो इतका गंभीर झाला नव्हता.

“नाही सर. पालनी पाळावी लागते.” म्हणजे होळीच्या आधीपासून व्रत, खाटेवर निजायचे नाही, आंघोळ करायची नाही, पायात काही घालायचे नाही. “आणि,” तो जरा लाजला, “दुसरेपण नियम आहेत.”

मी माझ्याकडे पाहिले. पायात लोकरी मोजे आणि बूट होते. निघताना ऊन पाण्याने आंघोळ झाली होती. जीपमध्ये टेकायला उशी होती आणि हातात गरम चहाचा थर्मास होता. माझा अर्ज पहिल्याच छाननीत बाद होण्यासारखा होता. पूर्वेकडे उजळू लागले होते, होळी पेटत होती, आणि वारा थेट कानात शिरत होता. मी पिशवीत हात घातला आणि सौभाग्यवतींनी निघताना न विचारता कोंबलेली माकडटोपी काढून कानांखाली ओढून घेतली. ती लोकरीची होती, हाताने विणलेली होती, माझे वय सहा वर्षांपेक्षा जास्त होते, आणि दिवस सणाचा होता. तीन शिलिंग चार पेन्स वाचले.